पाळकाचा पगार कोण ठरवतं? आणि स्त्रिया नि कृष्णवर्णीय त्यात मागे का राहतात?

अमेरिकेत बँकेतल्या कारकून बाईला शेजारच्या टेबलावरच्या पुरुषापेक्षा कमी पगार मिळत असेल, तर ती कोर्टात जाऊ शकते. सरकारी शाळेतली शिक्षिका, कारखान्यातली कामगार, दुकानातली विक्रेती, सगळ्यांना ही वाट मोकळी आहे. प्रोटेस्टंट चर्चमधल्या स्त्री पाळकाला, म्हणजे धर्मगुरूला, मात्र ती बंद आहे. तिला कमी पगार केवळ बाई म्हणून किंवा कृष्णवर्णीय म्हणून दिला जात असला, तरी न्यायालय तिचं म्हणणं ऐकायलाच बसत नाही.

कायदा नाही असं नव्हे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा सातवा भाग नोकरीतल्या भेदभावाला मनाई करतो, मग तो वर्णावरून असो की लिंगावरून. तो पाळकांना लागू का होत नाही, हे समजायला बिली मॅक्लुअर यांचा खटला पाहायला हवा. त्या मुक्तिफौजेत (सॅल्व्हेशन आर्मी) अधिकारी होत्या. मुक्तिफौज आपल्याकडे नगर भागात दवाखान्यांमुळे ओळखीची आहे. तिच्यात ‘अधिकारी’ म्हणजे दीक्षित पाळकच. आपल्या दर्जाच्या पुरुष अधिकाऱ्यांपेक्षा आपल्याला पगार कमी आणि सवलतीही कमी, अशी तक्रार मॅक्लुअर यांनी वरिष्ठांकडे केली, सरकारी आयोगाकडेही केली. त्यांना काढून टाकण्यात आलं. त्या कोर्टात गेल्या. १९७२ साली दक्षिणेतल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की चर्च आणि त्याचा पाळक यांच्या नात्यात सरकारने पडायचं नाही. पाळक कोण असावा, कुठे असावा, त्याला काय द्यावं, हा चर्चचा अंतर्गत मामला आहे आणि धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्याला संरक्षण देते.

पुढे एकेक न्यायालय हाच धागा धरत गेलं. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका लुथरन शाळेच्या खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा मतांनी त्यावर शिक्का मारला आणि २०२० मध्ये त्याची व्याप्ती आणखी वाढवली. म्हणजे ज्या नियमाने पाळकांना दाद मागायची सोय उरली नाही, तो नियम सुरू झाला एका बाईच्या पगाराच्या तक्रारीतून. हे मला या साऱ्या प्रकरणातलं सगळ्यात बोचणारं सत्य वाटतं.

याच काळातली दुसरी एक व्यक्ती इथे आठवायलाच हवी. पॉली मरी या कृष्णवर्णीय वकील. १९६४ च्या त्या कायद्याच्या मसुद्यात ‘लिंग’ हा शब्द राहावा की गाळावा यावर सिनेटमध्ये चर्चा चालू असताना त्यांनी एक टिपण लिहून पटवून दिलं की हा शब्द गाळला, तर कृष्णवर्णीय स्त्रियांना अर्धंच संरक्षण मिळेल. त्यांना रंगावरून नाकारलं की बाई म्हणून, हे वेगळं काढताच येत नाही. शब्द राहिला. पुढे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, जानेवारी १९७७ मध्ये, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथीड्रलमध्ये मरी यांना एपिस्कोपल चर्चची धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली. त्या चर्चमधली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री धर्मगुरू. ज्या कायद्यासाठी त्या झटल्या, तो त्यांच्या या नव्या पदापर्यंत पोचत नव्हता.

न्यायालयांचा मुद्दा अगदीच पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. सरकारने पाळक नेमायचे आणि सरकारला नको ते काढायचे, हा प्रकार युरोपने शतकानुशतकं भोगलाय. त्याची भीती खरी आहे. पण मग जबाबदारी पूर्णपणे चर्चवर येते, आणि चर्चने ती कशी निभावली हे तपासायचं तर पाळकाचा पगार मुळात ठरतो कसा तिथून सुरुवात करावी लागते.

पैसा येतो कुठून

प्रोटेस्टंट म्हणजे एक संघटना नव्हे. बॅप्टिस्टांत प्रत्येक मंडळी, म्हणजे एका स्थानिक चर्चचा सभासदवर्ग, स्वतंत्र असते; तीच पाळक निवडते, तीच पगार देते. प्रेस्बिटेरियन मंडळी पाळकाला बोलावणं पाठवते, पण किमान रक्कम त्या भागातल्या मंडळ्यांची संयुक्त सभा ठरवते. एपिस्कोपल पॅरिश, म्हणजे त्यांची स्थानिक मंडळी, बिशपच्या संमतीने धर्मगुरू निवडतो. मेथडिस्टांत पाळक कुठे जाणार हे बिशप ठरवतात, आपल्याकडे बदलीचा हुकूम निघतो तसं. पण पगाराचा आकडा त्या गावातली मंडळी ठरवते.

निवडीच्या रीती कितीही वेगळ्या असल्या, तरी पगाराचा बहुतेक पैसा येतो त्या त्या मंडळीच्या रविवारच्या दानातून. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सरकारी तिजोरीतून पगार मिळतो. गाव बागायती असो की कोरडवाहू, श्रेणी तीच. समजा उद्या ठरवलं की प्रत्येक गावाने आपापल्या शिक्षकाचा पगार गावातूनच उभा करायचा. काय होईल हे सांगायला नको. त्यात वर असंही असलं की काही शिक्षकांना कायम कोरडवाहू गावंच मिळतात, तर कुणी कुणाचा पगार मुद्दाम न कापताही दरी तयार होईल. अमेरिकी पाळकांच्या बाबतीत नेमकं हेच झालंय, आणि वर काही ठिकाणी मुद्दाम कापलेलेही पगार आहेत.

पगार म्हणजे हातात येणारी रक्कम एवढंच नसतं. राहायला चर्चचं घर किंवा घरभाडं, पेन्शनचा हप्ता, आरोग्यविमा हे सगळं मिळून एक गाठोडं असतं. अमेरिकी करकायद्याने चर्चच्या घराला १९२१ पासून आणि रोख घरभत्त्याला १९५४ पासून आयकरातून सूट दिलीय. सूट सर्वांना आहे, पण ज्याचं घर मोठं आणि भत्ता मोठा त्याचाच फायदा मोठा.

चौसष्ट डॉलर, सर्वांना सारखे

आता एक जुनी गोष्ट. पाळकांचे पगार असे विषम असणं हा काही निसर्गनियम नाही, हे त्यातून कळतं.

अमेरिकेत मेथडिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली १७८४ च्या डिसेंबरात, बाल्टिमोरमध्ये. त्या सुरुवातीच्या मेथडिस्टांनी नियम केला की घोड्यावरून गावोगाव फिरणाऱ्या प्रत्येक उपदेशकाला वर्षाला ६४ डॉलर. नवखा असो की मुरलेला, सर्वांना तेवढेच. लग्न झालेलं असेल तर बायकोसाठी तेवढेच वेगळे. बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांनाही तेच. १८०० साली रक्कम ८० डॉलर झाली, तीही सगळ्यांची. मुलांसाठी वयाप्रमाणे थोडी भर. इतका सरळ समान पगार अमेरिकेत त्या काळी क्वचितच कुठे असेल. अर्थात गावाने तेवढं दान जमवलं नाही तर ६४ चे ४० सुद्धा हातात यायचे, कारण मूळ झरा गावाचं दान हाच होता.

या समानतेची कसोटी एका माणसाने घेतली. रिचर्ड ॲलन हे गुलामीत जन्मलेले, स्वतःचं मोल चुकवून मुक्त झालेले, उत्तम उपदेशक. १७८५ च्या सुमारास ॲस्बरींनी त्यांना आपल्याबरोबर दक्षिणेत फिरायला बोलावलं. अटी अशा: गुलामांमध्ये मिसळायचं नाही, रात्री बऱ्याचदा बग्गीतच झोपावं लागेल, आणि मोबदला म्हणजे अन्नवस्त्र. ॲलन यांनी विचारलं, मी आजारी पडलो तर मला कोण पाहील? माणसाने धडधाकट असताना म्हातारपणासाठी काही बाजूला टाकायला हवं. ॲस्बरी म्हणाले, मलाही अन्नवस्त्रापलीकडे काही मिळत नाही. त्यावर ॲलन यांचं उत्तर त्यांच्या आत्मकथनात आहे: तुम्ही कुठेही आजारी पडा, तुमची काळजी घेणारे लोक आहेत; माझं तसं होईल का, याची मला शंका आहे. आणि ते गेले नाहीत. पुढे त्यांनी फिलाडेल्फियात कृष्णवर्णीयांची मंडळी उभारली आणि १८१६ साली आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झालं तेव्हा ते त्याचे पहिले बिशप झाले.

माझ्या मते वेतनसमानतेवरचं सगळं पुढचं लेखन ॲलन यांच्या त्या उत्तरात सामावलंय. दोघांचा आकडा सारखा, पण एकाच्या पाठीमागे माणसं, घरं, ओळखी, आणि दुसऱ्याच्या पाठीमागे कुणी नाही. पेन्शन, विमा आणि पुढची नेमणूक या गोष्टी पगाराच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या का, हे त्यांनी सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

शहरं वाढली, सुखवस्तू मंडळ्या तयार झाल्या, तसा तो समान आकडा गेला. चांगला वक्ता हवा म्हणून मंडळ्या जास्त पैसे देऊ लागल्या आणि प्रत्येक चर्चला आपापली ‘किंमत’ आली.

बाईला दीक्षा मिळाली, पण हमी नाही

स्त्रियांच्या बाबतीत दार एकदम उघडलं नाही, फटीफटीने उघडलं. ॲना हॉवर्ड शॉ यांनी १८८० साली मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चकडे दीक्षा मागितली, ती नाकारली गेली. त्याच वर्षी एका छोट्या मेथडिस्ट गटाने त्यांना ती दिली. १९२४ साली मोठ्या चर्चने स्त्रियांना दीक्षा द्यायचं मान्य केलं, पण ‘स्थानिक’ पाळक म्हणून. या एका शब्दात सगळी मेख आहे. मेथडिस्ट व्यवस्थेत नेमणुकीचा हक्क मिळतो वार्षिक परिषदेच्या, म्हणजे त्या प्रदेशातल्या चर्चच्या कारभारी संस्थेच्या, सदस्यत्वातून. हे सदस्यत्व पुरुषांना होतं, स्त्रियांना नव्हतं. म्हणजे बाईने प्रवचन द्यावं, लग्नं लावावीत, मयतीला उभं राहावं. पण पुढच्या वर्षी कुठे नेमणूक मिळेल की नाही याची खात्री नाही. पूर्ण हक्क मिळाले ते १९५६ मध्ये.

एपिस्कोपल चर्चमध्ये १९७४ साली फिलाडेल्फियात अकरा स्त्रियांना परवानगीची वाट न पाहता दीक्षा दिली गेली, आणि दोन वर्षांनी चर्चने नियम बदलला. लुथरनांच्या दोन मोठ्या शाखांनी तो १९७० मध्येच बदलला होता. सदर्न बॅप्टिस्ट या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने मात्र २००० साली आपल्या श्रद्धापत्रकात लिहून ठेवलं की पाळकपद पुरुषांसाठीच आहे. तिथे वेतनदरी मोजायची वेळच येत नाही.

सगळे पंथ धरले तर अमेरिकेत स्त्रिया प्रमुख असलेल्या मंडळ्या साधारण सात-आठांत एक. आणि ज्या आहेत त्यांतल्या बऱ्याच लहान, खेड्यातल्या, वय वाढत चाललेल्या लोकांच्या, किंवा अर्धवेळ पगार देणाऱ्या. मोठ्या शहरी चर्चमध्ये बाई असलीच तर बहुतेकदा सहायक पाळक म्हणून. वर जाऊ न देणाऱ्या अदृश्य अडथळ्याला ‘काचेचं छत’ म्हणतात; चर्चच्या खिडक्यांच्या रंगीत काचांवरून अमेरिकेत याला रंगीत काचेचं छत म्हणतात.

दरी केवढी? एपिस्कोपल चर्चचा पेन्शन निधी दरवर्षी पगारांचा अहवाल काढतो. पूर्णवेळ पुरुष आणि स्त्री धर्मगुरूंच्या मध्यक पगारांत (अर्धे त्याच्या वर, अर्धे खाली) २०१० नंतरच्या दशकातही तेरा टक्क्यांच्या आसपास फरक राहिला होता. सायरस श्लायफर आणि एमी मिलर या अभ्यासकांनी १९७६ ते २०१६ या काळातली अमेरिकी पाळकांच्या कमाईची आकडेवारी तपासली. दरी अरुंद होत गेलेली दिसली. ही चांगली बातमी आहे आणि ती दडवण्याचं कारण नाही.

इथे आकडेवारीची एक खोच समजून घ्यायला हवी. अभ्यासक दोन प्रकारे मोजतात. एक, सगळ्या पुरुषांची आणि सगळ्या स्त्रियांची तुलना. दोन, ‘सारख्याला सारखं’: तेवढाच अनुभव, तेवढंच मोठं चर्च, तेच पद. दुसऱ्या प्रकारात दरी लहान दिसते, आणि मग कुणी म्हणतं, बघा, भेदभाव फारसा नाही, फक्त चर्चच्या आकाराचा फरक आहे. पण मोठं चर्च कुणाला मिळतं हाच तर प्रश्न आहे! आकाराचा फरक हिशोबातून वजा केला, तर ज्या दारातून दरी आत येते तेच दार आपण भिंत म्हणून रंगवून टाकतो. ‘सारख्याला सारखं’ मोजावं, पण त्यावर थांबू नये.

ही दरी आत येते कशी, ते जरा जवळून पाहू. मेथडिस्ट बिशप आणि त्यांचे जिल्हा अधीक्षक वसंत ऋतूत नेमणुकांना बसतात तेव्हा पाळकाचा सध्याचा पगार हा जणू त्याचा दर्जा धरला जातो. पन्नास हजारवाल्याला पंचावन्नच्या चर्चला पाठवतात, नव्वदच्या नाही. म्हणजे पहिली नेमणूक पुढच्या साऱ्या पायऱ्या ठरवते. समजा एकीने ४५ हजार डॉलरवर सुरुवात केली आणि एकाने ५० हजारांवर, आणि पुढे दोघांनाही दरवर्षी अगदी न्यायाने ३ टक्केच वाढ मिळाली. तिसाव्या वर्षी दोघांतला फरक ५ हजारांवरून जवळजवळ १२ हजारांवर गेलेला असतो, आणि तीस वर्षांत तिच्या हाती एकूण जवळजवळ २ लाख ३८ हजार डॉलर कमी आलेले असतात. यात सुरुवातीनंतर कुणी तिच्यावर काडीचाही अन्याय केलेला नाही. एपिस्कोपल चर्चमध्ये मंडळी पगाराच्या १८ टक्के रक्कम पेन्शन निधीत भरते आणि पेन्शन सर्वाधिक पगाराच्या वर्षांच्या सरासरीवर ठरते; म्हणजे हा फरक निवृत्तीनंतरही सोबत येतो. ॲलन यांचा म्हातारपणाचा प्रश्न पुन्हा समोर.

आणि खोलीतलं बोलणं. पगार ठरवणारी समिती म्हणजे मंडळीतलीच चार-सहा माणसं. ‘त्यांचे यजमान कमावतातच की’, ‘आधीच्या पाळकांना तीन मुलं होती’ अशी वाक्यं तिथे सहज निघतात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. पाळकाचा पगार हा कामाचा मोबदला नसून एका कर्त्या पुरुषाच्या संसाराचा खर्च आहे, ही जुनी समजूत त्यामागे असते. बायकोसाठी वेगळे ६४ डॉलर देणारा नियम त्याच समजुतीतून आलेला. तो त्या काळी दयाळू होता. बाई स्वतः पाळक झाल्यावर तोच तिच्या विरुद्ध वळतो.

रंगाची रेघ

वर्णाच्या बाबतीत मेथडिस्टांनी जे केलं ते आकडेवारी नसतानाही स्पष्ट दिसतं, कारण त्यांनी ते लिहूनच ठेवलं होतं. गुलामगिरीच्या प्रश्नावरून फुटलेल्या उत्तर-दक्षिण शाखा १९३९ साली एक झाल्या तेव्हा पाच विभाग भूगोलाप्रमाणे पाडले आणि सहावा, सेंट्रल जुरिस्डिक्शन, केवळ कृष्णवर्णीयांसाठी. मंडळ्या कुठल्याही राज्यातल्या असोत, रंगाने काळ्या असल्या की बहुतेक याच विभागात. त्यांचे बिशप वेगळे, परिषदा वेगळ्या, आणि अर्थातच पैशाचे स्रोतही वेगळे. हे १९६८ पर्यंत चाललं.

१९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्च तयार झालं आणि हा विभाग रद्द झाला. तेव्हा हिशोब मांडावा लागला. कृष्णवर्णीय परिषदांमधलं किमान वेतन आणि पेन्शन गोऱ्या परिषदांच्या खाली होतं. एकत्र करायचं तर खालच्याला वर आणायला पैसा हवा. त्यासाठी साऱ्या चर्चकडून एक तात्पुरता साहाय्य निधी उभारला गेला. मला हे फार मोलाचं उदाहरण वाटतं. ‘आता सगळे समान’ असा ठराव करून ते थांबले नाहीत. मागच्या फरकाची भरपाई रोकड्यात करावी लागते हे त्यांनी मान्य केलं. ती पुरेशी नव्हती, हेही खरं. कारण मंडळ्यांची मूळ ऐपत बदलली नाही. गोऱ्या उपनगरातल्या चर्चला पिढ्यान्‌पिढ्यांच्या देणग्या, जमिनी, मृत्युपत्रातून आलेल्या ठेवी असतात. ज्या वस्तीतल्या लोकांना बँका घरकर्जसुद्धा देत नव्हत्या, तिथल्या चर्चकडे ते कुठून येणार?

यावर उपाय म्हणून बिशप पाळकांना वर्णाच्या सीमेपलीकडेही पाठवतात. कोरियन वंशाच्या अनेक पाळकांना अशा प्रकारे गोऱ्या मंडळ्यांत नेमलं गेलंय. हेतू चांगला. पण त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा येतात त्या दूरच्या, आटत चाललेल्या मंडळ्या. ‘उच्चार कळत नाहीत’ या एका तक्रारीवर पगारवाढ अडते. आणि जी कृष्णवर्णीय किंवा आशियाई आहे आणि शिवाय बाई आहे, तिच्यावर दोन्ही ओझी एकाच वेळी पडतात. पॉली मरी यांनी सिनेटला तेच सांगितलं होतं. लिऑन्टिन केली १९८४ साली मेथडिस्टांच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री बिशप झाल्या. पण बिशपांचा पगार केंद्रातून, सर्वांना एका मापाने ठरतो. दरी खाली असते, गावागावात.

आपल्या मातीतही या प्रश्नाची एक जुनी फांदी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे नगरला स्थिरावले. तिथे मिशनऱ्याचा पगार अमेरिकी राहणीच्या मापाने आणि इथल्या पाळकाचा इथल्या राहणीच्या मापाने, अशा दोन श्रेण्या होत्या. मिशनचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये इथे आले तेव्हा त्यांचा आग्रह होता की देशी पाळकाचा भार देशी मंडळीलाच पेलता यायला हवा, नाहीतर ती कायम परावलंबी राहील. विचार अगदी टाकाऊ नव्हता. पण एकाच कामाचे दोन भाव पडले आणि रेघ रंगाची होती. मिशनऱ्यांच्या बायका यादीत ‘सहायक’ म्हणून नोंदलेल्या असत. शाळा चालवायच्या त्याच, पगार नवऱ्याच्या नावे. या दोन श्रेण्या सहन न झालेला एक अमेरिकन मुंबईतच होता. जॉर्ज बोवेन १८४८ साली आले आणि लवकरच त्यांनी मिशनचा पगार सोडून दिला. देशी लोकांसारखं साधं राहिल्याशिवाय त्यांच्याशी बोलायचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यांचं म्हणणं. चाळीस वर्षं ते असेच राहिले. कुलाब्याच्या चर्चला त्यांचं नाव आहे. एका माणसाचा त्याग थोर, पण त्याने वेतनश्रेणी बदलली नाही.

काय केलं तर फरक पडतो

इंग्लंडच्या अधिकृत चर्चने (चर्च ऑफ इंग्लंड) पगाराचा प्रश्न बराचसा सोडवलाय. तिथे पॅरिशचा धर्मगुरू श्रीमंत गावातला असो की गरीब, मानधन जवळपास सारखं आणि राहायला घर. १९९४ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुपद मिळालं तेव्हा त्या या सारख्या श्रेणीतच आल्या. तरी दरी दुसऱ्या वाटेने शिरली: तिथे बिनपगारी सेवा देणारे धर्मगुरूही असतात आणि त्यांच्यात स्त्रियांचं प्रमाण जास्त आहे. म्हणून केवळ श्रेणी पाहू नये, पगारी जागा कुणाला मिळतात तेही पाहावं.

अमेरिकेतल्या मेथडिस्टांकडे दोन चांगली हत्यारं आहेत. प्रत्येक वार्षिक परिषदेत समन्यायी वेतनासाठी एक आयोग असतो. तो किमान पगार सुचवतो आणि जी मंडळी तेवढं देऊ शकत नाही तिला सामायिक निधीतून भर घालतो. दुसरं, नेमणुकीची हमी: पूर्ण सदस्य पाळकाला बिशपने कुठे ना कुठे नेमलंच पाहिजे. २०१२ मध्ये टॅम्पाच्या सर्वसाधारण परिषदेने ही हमी काढून टाकायचा ठराव केला. ‘कामचुकारांना संरक्षण कशाला’ हा युक्तिवाद. पण हमी गेली असती तर पहिल्यांदा बाजूला पडले असते ते, ज्यांना मंडळ्या नाखुशीने स्वीकारतात. म्हणजे स्त्रिया आणि गोरे नसलेले. त्याच वर्षी चर्चच्या स्वतःच्या न्यायमंडळाने तो ठराव घटनाबाह्य ठरवला. बाहेरचं कोर्ट बंद असलेल्यांना आतलं कोर्ट कामी आलं, असं क्वचित घडतं.

निधीची बाजू मात्र कमकुवत होतेय. समलैंगिकतेच्या वादावरून २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या ७,६०० हून अधिक मंडळ्यांनी युनायटेड मेथडिस्ट चर्च सोडलं, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. सामायिक निधी मंडळ्यांच्या वाट्यातूनच भरतो. तो आटला की झळ लागते ती किमान पगारावर असलेल्यांना, आणि तिथे कोण आहेत ते वर आलंच आहे.

मला विचाराल तर सगळ्यात साधा आणि परिणामकारक बदल मंडळीच्या हातात आहे: पुढच्या वर्षाचा पगार नव्या पाळकाचं नाव कळण्याआधी ठरवायचा आणि नाव कळल्यावर तो खाली आणायचा नाही. चर्च तेवढंच, काम तेवढंच, मग आकडा का बदलावा? त्याच्या जोडीला पहिल्या नेमणुकीचा हिशोब दर काही वर्षांनी तपासायचा, कारण तीस वर्षांचा फरक तिथे सुरू होतो.

तपासायला माहितीही आहे. मेथडिस्ट वार्षिक परिषदा दरवर्षी आपला अहवाल छापतात आणि त्यात मंडळीवार तक्ते असतात: सभासद किती, दान किती, पाळकाचा पगार किती, घरभत्ता किती. नेमणुकांची यादी त्याच ग्रंथात असते. दोन्ही शेजारी ठेवून पुरुष, स्त्री, गोरे, कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो असे रकाने पाडायला एखाद्या परिषदेच्या कार्यालयाला फार तर काही दिवस लागतील. ते रकाने दरवर्षी त्याच अहवालात छापावेत, ही मागणी कुठल्याही सभासदाला आपल्या परिषदेच्या बैठकीत करता येते.